मनगटावर पारखलेला रंग

माणसाच्या कातडीचा रंग कुठल्याही बाटलीत तयार मिळत नाही. बाटलीवर तसं लिहिलेलं असतं, आणि नवशिके तो रंग विश्वासाने आणून पुतळ्याच्या तोंडाला फासतात, मग पुतळा नुकत्याच रंग दिलेल्या भिंतीसारखा दिसायला लागला की माझ्याकडे घेऊन येतात. मी त्यांना सांगतो की आधी काळ्या अस्तरावर विटकरी तपकिरी थर द्या, डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली पाण्यासारखा पातळ जांभळा उतरू द्या, आणि मग जिथे जिथे हाड वर येतं तिथे, म्हणजे नाकाच्या दांड्यावर, गालफडावर, बोटांच्या पेरांवर, एकेक थर उजळ करत चढत जा. पाच थर झाले की सहावा द्यावासा वाटतो, तो तेवढा देऊ नका. ऐकणारे मान डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा बाटलीच उघडतात.

माझं काम हेच. पटावर खेळल्या जाणाऱ्या काल्पनिक लढायांच्या खेळातले अंगठ्याएवढे पुतळे मी रंगवून देतो. चेटूक करणारे म्हातारे, शिंगं असलेले राक्षस, तलवार उपसून उभ्या असलेल्या राण्या. वरच्या मजल्यावरची लहानशी खोली, उत्तरेला एक खिडकी, टेबलावर भिंग लावलेला दिवा आणि येणाऱ्याला बसायला एक स्टूल. खाली बूट आणि बॅगा दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे, आणि चामड्याबद्दल मला जे काही कळतं ते त्याच्या दारात पडलेल्या जुन्या जोड्यांकडे बघून कळलेलं आहे. चामडं कच्चं असतं तिथे झिजत नाही, वापरणाऱ्याची खोड असते तिथे झिजतं. कुणाची टाच बाहेरच्या अंगाने जाते, तर कुणाच्या बॅगेचा पट्टा नेमका अंगठा अडकवायच्या जागी गुळगुळीत होतो. म्हणून पुतळ्याच्या बुटांवर ओरखडे काढायच्या आधी हा गडी चालत कसा असेल ते मी ठरवतो, मग बारीक ब्रशने एक गडद रेघ ओढतो आणि तिला चिकटून खाली केसाएवढी उजळ रेघ, की चामडं खरोखर कापल्यासारखं दिसतं. ताई म्हणते, एवढं लक्ष स्वतःच्या चपलांकडे दिलं असतंस तर एव्हाना तुझं लग्न झालं असतं.

ताई माझी मोठी बहीण. घरात आम्ही दोघंच. लहानपणी मी कायम खाली मान घालून जमिनीवरून काहीबाही उचलत असायचो म्हणून तिने मला मुंगळा म्हणायला सुरुवात केली, आणि मी पंचेचाळिशी ओलांडली तरी ते नाव सोडलेलं नाही. तिच्या मायेबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. पण संध्याकाळी मी घरी आलो की ती कामातून मान वर न करता 'हात धू' एवढंच म्हणायची, कारण मी डावा पाय जरा घासत टाकतो आणि जिन्यातल्या पावलांवरूनच तिला कळायचं की मी आलो. माझ्याकडे डोळे भरून कुणी पाहिलंय असं मला आठवत नव्हतं. हे मला कधी खटकलंही नव्हतं, त्या बाई येईपर्यंत.

त्या एका शनिवारी दुपारी चार वाजता आल्या. पन्नाशीच्या असाव्यात. खालच्या दुकानाच्या काचेत माझे दोन-चार पुतळे मांडलेले असतात, त्यातला एक बिनरंगाचा वाटाड्या त्यांनी दुकानदाराकडून मागून आणला होता. अंगात चामड्याची बंडी, गुडघ्यापर्यंत बूट, मनगटावर रुंद पट्टा, खांद्याला पिशवी, असा तो रानोमाळ हिंडणारा गडी.

"आमचे हे असेच उभे राहायचे," त्या म्हणाल्या. "सगळा भार उजव्या पायावर. याला त्यांचा रंग द्याल का?"

त्यांचे यजमान जमिनीच्या मोजणीच्या कामावर होते. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी मोजणीला म्हणून जे बाहेर पडले ते परतले नाहीत. शोधायचं तिथे सगळं शोधून झालं होतं, लोकांनी सांत्वनाचं जे बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि त्या मात्र अजून त्यांच्याबद्दल बोलताना 'होते' म्हणता म्हणता थांबून 'आहेत' म्हणत होत्या. त्या दिवशी मनगटी घड्याळाच्या पट्ट्याची पिन तुटली होती म्हणून यजमान घड्याळ घरी ठेवून गेले होते. बाईंनी दुसऱ्याच दिवशी पिन बसवून आणली. ते घड्याळ त्यांनी पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवलं, चामड्याचा रंग बघायला म्हणून. पट्टा तिसऱ्या भोकापाशी दुमडून दुमडून काळा पडला होता.

मी फोटो मागितला.

"फोटो विटलाय. आणि फोटोत रंग खरा येतो का कधी? मी सांगेन ना तुम्हाला."

"नऊ वर्षं झाली म्हणता."

"रंग नाही हो विसरत माणूस," त्या म्हणाल्या, आणि स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या काकांचा एक नियम होता की कातडीचा रंग स्वतःच्या कातडीवर पारखायचा नाही. पांढऱ्या टाइलचा तुकडा घ्यायचा, त्यावर ठिपका द्यायचा, खाली क्रमांक टाकायचा. हातावर पारखलं की डोळा आपल्या माणसाची बाजू घेतो, नकळत हात त्या रंगाकडे झुकतो, आणि मग राक्षस असो की राणी, सगळे पुतळे रंगवणाऱ्याच्या घरातले दिसायला लागतात. काका हे सांगायचे तेव्हा आम्ही हसायचो, कारण त्यांचे स्वतःचे सगळे पुतळे त्यांच्यासारखेच निमगोरे होते. पण त्या दिवशी बाई समोर बसून इतक्या आशेने बघत होत्या, आणि टाइलवर कातडीचा रंग कसा मेल्यासारखा दिसतो ते मला माहीत होतं. मी पहिलं मिश्रण डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून त्यांच्यापुढे धरलं.

बाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग ओशाळून म्हणाल्या, "हा तुमचाच झाला."

खरंच झाला होता. ठिपका कुठे आहे ते मलाही चटकन सापडेना. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ माणसाने करावी अशी चूक, आणि तीही गिऱ्हाइकासमोर. मी तो रंग टाइलवर उतरवला, खाली एक आकडा घातला आणि त्यांना पुढच्या शनिवारी बोलावलं.

"याहून तांबूस," जाताना त्या म्हणाल्या. "उन्हातला माणूस तो."

त्यानंतर त्या दर शनिवारी येत राहिल्या. आठवडाभर मी बंडी, बूट, पिशवी असं चामड्याचं काम करायचो आणि शनिवारी कातडीचा नवा रंग त्यांना दाखवायचो. तांबूस हवा, पण विटेसारखा नको. गळ्यापाशी निवलेला, कपाळावर तापलेला. त्या डोळे मिटून सांगायच्या आणि मग डोळे उघडून माझ्या मनगटाकडे बघून मान हलवायच्या. टाइलवर दोन झाले, तीन झाले, चार झाले. चामड्यासाठी म्हणून मी विचारायचो की ते पिशवी कुठल्या खांद्याला लावायचे, पट्टा कुठे धरायचे, बसताना पाय कसा दुमडायचे; आणि त्यांना सगळं ठाऊक होतं. अंगठा पट्ट्याच्या खालून घालून धरायचे. बूट काढताना वाकायचे नाहीत, एका पायाने दुसऱ्याची टाच दाबून काढायचे, म्हणून डाव्या टाचेवर कायम चरा. विचार करताना कानाची पाळी चिमटीत धरायचे. पुतळ्याला उपयोग नाही असलेही प्रश्न मी हळूहळू विचारायला लागलो. त्यांच्या कानाच्या पाळीचा उन्हात काय रंग व्हायचा, हे अंगठ्याएवढ्या पुतळ्यासाठी कुणाला हवंय? पण मला हवं होतं. एखाद्या माणसाला कुणी इतकं पाठ करून ठेवावं याचा मला हेवा वाटत होता, हे मी कबूल करतो. मी नाहीसा झालो तर माझ्या रंगाबद्दल कोण काय सांगेल, असं मनात यायचं, आणि माझं मीच उत्तर देऊन टाकायचो.

पाचव्या शनिवारी त्यांनी भिंग धरून पिशवीचं काम बघितलं. पट्ट्यावर मी शिवण काढली होती, आणि खांद्यापाशी दोन बोटं जागेत ती शिवण वेगळ्या, फिकट दोऱ्याने घातलेली दाखवली होती, जशी घरी बसून कुणी उसवलेला पट्टा पुन्हा शिवावा तशी.

"हे मीच शिवलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

मी म्हटलं की खांद्यापाशीच पट्टा उसवतो, अंदाजाने काढलं. तसा तो अंदाज असायलाही हरकत नव्हती. पण दोरा फिकट घेताना मी थांबून विचार केल्याचं मला आठवत नव्हतं. दुसरा कुठला रंग हातात घ्यावा असं मनातच आलं नव्हतं.

सहावा रंग लावला त्या दिवशी ठिपका मनगटावर पुसट दिसत होता, आणि बाई पहिल्यांदा नुसतं "जवळ आलात" म्हणाल्या. मी खूश झालो. त्या गेल्यावर टेबल आवरताना माझ्या ध्यानात आलं की यात खूश होण्यासारखं काही नाही. दिवसदिवस दिव्याखाली बसून मी पिवळट पडलेला माणूस. अंधारात ठेवलेल्या कांद्याचा कोंब अशी ताईने माझी संभावना केलेली. त्यांच्या यजमानांचा खरा रंग जसजसा साधत जाईल तसतसा माझ्या मनगटावरचा ठिपका उठून दिसायला हवा. तो पुसट व्हायचं काही कारण नव्हतं.

मी हात साबणाने धुतला, खिडकीपाशी नेला आणि शेजारी टाइल धरली. एक क्रमांकाचा ठिपका, जो महिन्यापूर्वी माझ्या हातावर सापडत नव्हता, तो माझ्या हाताशेजारी परक्यासारखा पिवळा दिसत होता.

भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी मला शनिवारची घाई झाली. काकांचा नियम तेव्हाच पाळायला लागलो असतो, हातावर पारखणं बंद करून टाइलवर काम उरकलं असतं, तर कदाचित तिथेच सगळं थांबलं असतं. मी सातवा रंग मनगटावर लावला, आणि आठवाही.

"रापलास की रे," ताई जेवताना म्हणाली. "कुठे उन्हात फिरतोस?"

"कुठे नाही."

"मग आजारी आहेस का? बरं वाटतंय ना?"

बरं वाटत होतं. कधी नव्हे इतकं बरं वाटत होतं. दोन दिवसांनी संध्याकाळी मी घरात शिरलो तेव्हा ताईने चक्क मान वर केली आणि दारातल्या मला क्षणभर बघत राहिली, डोळे भरून. मग स्वतःशीच हसून म्हणाली, "काय बाई, मला वाटलं कोण आलं. पायसुद्धा वेगळाच वाजला तुझा." त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर हातावर हात फिरवताना मला डाव्या मनगटाभोवती कातडी वेगळी लागली. सकाळी उजेडात पाहिलं. रापलेल्या हातावर बोटभर रुंदीचा एक फिकट पट्टा उमटला होता, वर्षानुवर्षं उन्हातान्हात घड्याळ घालणाऱ्याच्या मनगटावर असतो तसा. मी आयुष्यात घड्याळ वापरलेलं नाही.

पुढचा शनिवार हा शेवटचा होता. सकाळीच मी पुतळ्याच्या चेहऱ्याला नववा रंग दिला, आणि या खेपेला तो कुठेही पारखला नाही. डाव्या टाचेवर चरा काढला, त्याखाली उजळ रेघ ओढली, आणि वाटाड्या तयार झाला. खिडकीत तो सुकत ठेवला तेव्हा उजव्या पायावर भार देऊन उभा असलेला तो गडी आता कुणाला तरी चुकवून आल्यासारखा दिसत होता, आणि त्याच्याकडे बघताना आपणही तसेच उभे आहोत हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

बाई चार वाजता आल्या. त्यांनी खिडकीकडे पाहिलंच नाही. दारातच थांबून त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या, मग जवळ आल्या, टेबलावरचं घड्याळ उचललं आणि माझ्या मनगटावर बांधलं. पट्टा तिसऱ्या भोकात बसला. फिकट कातडीवर तो असा नेमका बसला की कडेने केसभरही जागा उरली नाही.

"किती उशीर केलात हो," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्या भरल्या डोळ्यांनी त्या माझ्याकडे जशा बघत होत्या तसं बघून घ्यायला मी आणखी दहा मनगटं रंगवली असती.

"झाला खरा," मी म्हणालो. आवाज जरा खर्जातला आला.

"आवरून या. मी खाली उभी आहे."

मी ब्रश धुतले, बाटल्यांची झाकणं लावली. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि ताई आत आली. ती सहसा कधी इथे यायची नाही. तिच्या हातात माझा चष्मा होता. सकाळी मी तो घरी विसरलो होतो आणि दिवसभर केसाएवढ्या रेघा ओढताना मला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "इथे माझा भाऊ बसतो. बाहेर गेलाय का?"

ताईला थट्टेची हौस आहे, म्हणून ती हसेल याची मी वाट पाहिली. ती हसली नाही. माझ्या खांद्यावरून तिची नजर खोलीभर फिरली, टेबलाखाली, दारामागे, आणि परत माझ्यावर आली तेव्हा तिच्यात परक्या माणसापुढची नुसती अदब होती. त्या वेळी मी एकच शब्द बोलायचा होता. तिला ताई म्हणायचं होतं. ते न करता मी विचारलं, कारण हे मला आयुष्यभर कुणालातरी विचारायचं होतं.

"कसे दिसतात तुमचे भाऊ?"

"कसा म्हणजे..." ती जरा गोंधळली, आणि मग बोलायला लागली ती थांबेचना. "डाव्या कानामागे तीळ आहे. उजवी भुवई मधे तुटलीय, लहानपणी झोपाळ्यावरून पडला होता, मीच जोरात झोका दिला होता. अंगठ्याच्या नखात कायम रंग. मान खाली घालून चालतो, त्यामुळे मानेवर मागे तेवढंच ऊन लागलंय. झोपताना डावा हात उशीखाली लागतो त्याला. हसला की आधी खालचा ओठ दाबून धरतो, हसू आवरत असल्यासारखा. मी मुंगळा म्हणते त्याला." ती टेबलावर वाकली. "आणि रंग..."

टाइलचा तुकडा तिथेच पडला होता, एकाखाली एक आकडे घातलेला. ताईला या कामातलं ओ की ठो कळत नाही. तिने नऊ ठिपक्यांवरून सावकाश नजर फिरवली आणि पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा," ती म्हणाली. "अगदी हा."

इतकी वर्षं मान वर न करता तिने हे सगळं कधी पाहून ठेवलं होतं? खालून बाईंनी हाक मारली, घरातल्या माणसाला मारतात तशी.

"बसा," मी ताईला म्हणालो. "येतील एवढ्यात."

ती स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन, दाराकडे तोंड करून, आणि रुमालाने चष्म्याची काच पुसू लागली. मी अंगठा पट्ट्याच्या खालून घालून बॅग खांद्याला लावली आणि जिना उतरायला लागलो. डोळ्यांसमोर नीट दिसत नव्हतं, त्यामुळे पावलांकडे माझं लक्ष नव्हतं. चौथ्या पायरीवर डावा पाय घासला.

"मुंगळ्या?" वरून ताईचा आवाज आला, सुटल्यासारखा, आनंदाने फुललेला. "आलास का रे?"

मी कठड्याला धरून उभा राहिलो. खाली दारातल्या उजेडात बाई वर बघत उभ्या होत्या.

मग पुढच्या पायरीवर मी सगळा भार उजव्या पायावर दिला, आणि त्याच्या पुढच्याही. वरून पुन्हा हाक आली नाही.